विषय: मासेमारी बंदीच्या काळात ‘आज सकाळचं’ म्हणून वाढलेलं पापलेट आणि बिलात लावलेलं सेवा शुल्क

दिनांक: 14 जुलै 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, मुंबई.

महोदय / महोदया,

शनिवारी, 12 जुलैला रात्री आम्ही पाच जण तुमच्या अमेरिकन पद्धतीच्या रेस्टॉरंटच्या ठाण्यातल्या मॉलमधल्या शाखेत जेवायला गेलो होतो. आईचा सत्तरावा वाढदिवस होता. 25 तारखेला श्रावण लागतोय, त्याआधी मासे खाऊन घ्यावेत हाही हिशेब होताच.

आधी चांगलं सांगते. तुमची पोरं उत्साही आहेत. ढोलकं, टाळ्या, भिंतीवरची बैलाची शिंगं, टेबलावर अंथरलेला तपकिरी कागद आणि त्यावर बादलीतून धाडकन ओतलेली कोळंबी, मक्याची कणसं, बटाटे. नातू तर खुर्चीवर उभाच राहिला. आईला काउबॉय टोपी घालून सगळ्यांनी तिच्याभोवती फेर धरला, तेव्हा ती मनापासून हसली. त्याबद्दल कुरकुर नाही. आवाज इतका होता की ऑर्डर दोनदा ओरडून सांगावी लागली, पण अशा ठिकाणी शांतता शोधायला कोण जातं?

तक्रार सुरू होते ती दाराजवळच्या फळ्यापासून. त्यावर खडूने लिहिलं होतं, ‘आजचं ताजं: पापलेट’. मी वेटरला विचारलं, कुठून आलं? तो म्हणाला, “आज सकाळीच ससून डॉकवरून.” आईने माझ्याकडे पाहिलं. तिचं माहेर वर्सोवा कोळीवाडा. लग्नानंतर पस्तीस वर्षं तिने बाजारात मासळीची पाटी लावली. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना समुद्रात जायला बंदी असते, हे तिला कॅलेंडर बघून कळत नाही. त्या एकसष्ट दिवसांत घरात काय शिजायचं, सुकट की बोंबील, यावरून तिचं लहानपण गेलंय. बिगरयांत्रिक होड्यांना मुभा असते, पण त्या काठाकाठाने जातात. त्यांच्या जिवावर मॉलमधल्या फळ्यावर रोज ताटभर मोठं पापलेट लिहिता येत नाही.

तरी आई म्हणाली, “मागव, बघू तरी.” पापलेट आलं ते काळ्या मसाल्यात माखून, जळकट भाजून. अमेरिकेतल्या लुइझियानाची पद्धत, मला माहीत आहे. आईने मसाला चमच्याने बाजूला केला आणि बोटाने मणक्याजवळ दाबलं. ताज्या पापलेटचं मांस काट्यावरून पाकळी-पाकळीने सुटतं. हे दाबल्यावर ओल्या भुशासारखं विस्कटलं, ताटात पाण्याचं थारोळं झालं आणि काट्यालगतचं मांस काळपट होतं. वास मसाल्याने झाकला होता, पण पोटाकडचा घास कडू लागला. आईने ताट सरकवलं आणि पदराला बोट पुसलं. काही बोलली नाही. तिचं हे न बोलणं आम्हाला कळतं.

बर्फातला मासा विकणं हा गुन्हा नाही. पावसाळ्यात सगळेच विकतात, आईनेही विकलाय, पण गिऱ्हाइकाला ‘बरफाचा हाय’ सांगून आणि भाव उतरवून. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 14 जूनला संपते. तिकडून गाडीने आलेला असेल तर तसं लिहा, आम्ही खाऊ. बर्फाचा मासा ‘आज सकाळचा’ म्हणून 2,100 रुपयांना विकणं मात्र खोटेपणा आहे.

मी मॅनेजरला बोलावलं. त्याने ऐकून घेतलं आणि आईकडे वळून म्हणाला, “मॅडम, हा अमेरिकन कन्सेप्ट आहे. ही टेस्ट अशीच असते, तुम्हाला सवय नसेल.” मासळीवर तीन मुलं शिकवलेल्या बाईला हे सांगितलं, तेही तिच्या वाढदिवसाला आणि टोपी अजून तिच्या डोक्यावर असताना.

आता अमेरिकन कन्सेप्टबद्दल. नोकरीच्या निमित्ताने मी ह्यूस्टनला तीन वर्षं होते. तिकडे ओकच्या लाकडाच्या धुरावर, साधारण 110 ते 120 अंश सेल्सिअसवर, रिब्ज म्हणजे बरगड्यांचं मांस पाच-सहा तास ठेवतात. मांसाला कडेने गुलाबी कड येते आणि सॉस नसला तरी चालतं. तुमच्या रिब्ज आतून सरसकट करड्या होत्या, म्हणजे उकडून वर गोड सॉस फासलेल्या. तिसऱ्या मजल्यावर लाकडाची भट्टी लावता येत नसेल, हे समजू शकते. मग मेन्यूत ‘बारा तास धुरावर’ असं तरी लिहू नका. आणि ‘गल्फ श्रिंप’? बादलीत होती ती तळ्यात वाढवलेली व्हॅनामेई जातीची कोळंबी. खायला वाईट नव्हती, फक्त अर्धी कोळंबी काळा दोरा न काढताच टाकली होती. अमेरिकेला सर्वात जास्त कोळंबी पुरवणारा देश आपलाच आहे आणि त्यातली बरीचशी आंध्रातली. ती मेक्सिकोच्या आखातातून ठाण्याला आणल्याचं सोंग कशाला? आंध्रची कोळंबी म्हणा, आम्ही काही उठून जाणार नाही.

चिंबोऱ्या पोकळ होत्या, पण त्याची तक्रार नाही. गुरुपौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते आणि पौर्णिमेच्या सुमारास चिंबोरी भरलेली नसते, असं आमच्याकडे मानतात. तेवढं तुम्हाला माफ, असं आईनेच सांगितलंय.

शेवटी बिल. जेवणाचे 9,400 रुपये. त्यावर 10 टक्के सेवा शुल्क 940, आणि दोन्हींच्या बेरजेवर 5 टक्के जीएसटी 517. एकूण 10,857. सेवा शुल्क काढा म्हटलं तर उत्तर मिळालं, “अमेरिकेत सगळे टिप देतातच ना?” देतात. तिकडे टिपवर काम करणाऱ्याचं केंद्रीय किमान वेतन 1991 पासून तासाला 2.13 डॉलरवर अडकलंय, म्हणून देतात. ती टिप वेटरची असते. तुमचं सेवा शुल्क कंपनीच्या खात्यात जातं. आम्हाला वाढणाऱ्या मुलीच्या हातात मी वेगळे 300 रुपये दिले, तेव्हा तिने आधी मॅनेजर कुठे आहे ते पाहिलं आणि मग नोटा खिशात घातल्या.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 लाच मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत: सेवा शुल्क बिलात आपोआप लावायचं नाही, ग्राहकाने नाही म्हटलं तर सक्ती करायची नाही आणि ते बिलात धरून त्यावर जीएसटीही घ्यायचा नाही. रेस्टॉरंटचालकांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि 28 मार्च 2025 ला हरल्या. हे तुमच्या हिशेबखात्याला माहीत नसेल असं वाटत नाही.

मागणी साधी आहे. सेवा शुल्क आणि त्यावरचा जीएसटी मिळून 987 रुपये, आणि पापलेटचे करासह 2,205 रुपये, असे एकूण 3,192 रुपये परत करा. फळ्यावर मासा कुठला आणि ताजा की गोठवलेला, हे खरं लिहा. आणि त्या मॅनेजरने आईची माफी मागावी. फोनवर मागितली तरी चालेल, फक्त मराठीत. हे पत्र मराठीत लिहिलंय तेही त्याचसाठी. ते मी आईला वाचून दाखवलंय आणि दोन ठिकाणी तिने दुरुस्त्या सांगितल्या.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि गरज पडली तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. बिलाची प्रत, फळ्याचा फोटो आणि पापलेटच्या ताटाचा फोटो सोबत जोडला आहे.

आपली,
टेबल क्रमांक 14 वरची ग्राहक

ता. क. ती काउबॉय टोपी घाईघाईत आमच्याच पिशवीत आली. माणूस पाठवलात तर परत देऊ.