विषय : तुमच्या लायब्ररीतली चूक आणि ती दुरुस्त करू न देणारी पिन मर्यादा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा

आज पाचवा फोन झाला, म्हणून लेखी कळवतो. दारव्हा तालुक्यात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. कास्तकारांसाठी ऑटो स्टार्टर बनवतो. एक फेज गेला की मोटर बंद करणारा त्यातला सर्किट बोर्ड तुमच्या डिझाइन सॉफ्टवेअरवर काढतो, रीतसर पैसे भरून.

सॉफ्टवेअरमधल्या तुमच्या सुट्या भागांच्या लायब्ररीत बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरचे पाय एमिटर, बेस, कलेक्टर असे लावलेत. सपाट बाजू समोर धरली की त्याचा क्रम कलेक्टर, बेस, एमिटर असतो. तुम्ही लावलेला क्रम २एन३९०४ या दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा आहे. पन्नास बोर्ड छापून आले आणि एकाचाही रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच, धड ओढेना. दोन रात्री मल्टिमीटर घेऊन बसलो तेव्हा कळलं. बोर्डावर तीन, असे दीडशे ट्रान्झिस्टर काढून उलटे फिरवून बसवले. काढताना सात बोर्डांचे तांब्याचे ट्रॅक उखडले.

पुढची बॅच तरी नीट यावी म्हणून फाइल दुरुस्त केली, तर सेव्ह होईना. छपाईचा खर्च वाचावा म्हणून एका पॅनेलवर चार बोर्ड मांडतो, सगळ्या भागांचे पाय मिळून ४४८ पिन होतात. लायसन घेतलं तेव्हा एका फाइलीतल्या पिनांची मर्यादा ५०० होती. नूतनीकरणानंतर ती ४०० केली, आणि मला कळवलंही नाही.

आज तुमचा माणूस म्हणाला, "पिन कमी करा." मी म्हटलं, ट्रान्झिस्टरला तीनच पाय असतात, त्यातला कोणता कापू? तर म्हणतो, "लायब्ररी तपासून वापरायची असते, सर." मग विचारतो, कुठून बोलता? गाव सांगितलं. "तिथं कशाला बोर्ड बनवता? चायनाचे तयार मिळतात की." आणि फोन ठेवला. चूक तुमची, दुरुस्ती मी करतो, तीही करू द्यायची नाही, वरून हे ऐकून घ्यायचं?

हरभऱ्याचं ओलीत सुरू आहे. लाइन रात्रीची येते. स्टार्टर नसेल तर माणसाला अंधारात वावरात जावं लागतं.

आठ दिवसांत लायब्ररी सुधारा आणि ५०० ची मर्यादा परत द्या. नाहीतर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्यानं मला माझ्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. किकॅड हे बोर्ड काढायचं दुसरं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात पिनांची मर्यादाही नाही. सहा वर्षं तुमच्यावर विश्वास ठेवला, दुकानातल्या दोन पोरांना तुमचंच सॉफ्टवेअर शिकवलं. माझी सगळी डिझाइनं तुमच्या फाइलींत अडकली आहेत. ती आधी मोकळी करा.

एक ग्राहक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ