स्वतःची हिस्ट्री

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, ‘नाइट करून आल्यावर दोन पेग घेतल्याशिवाय डोळा लागत नाही. आणि आई, मला कळतं गं, मी डॉक्टर आहे.’ बाबांनी विषय बदलला. मीही गप्प बसले, कारण वाद सुरू झाला की तुझी लगेच राउंडची वेळ होते. पत्राला तसं उठून जाता येत नाही.

नोकरीची सगळी वर्षं मी मेडिकल वॉर्डात सिस्टर होते. दारूचे पेशंट पहिल्या दिवशी शहाण्यासारखे पडून असतात. मग थरथर, घाम, आणि एखाद्या रात्री भिंतीवर किडे दिसायला लागतात, सलाइन उपटून पळू बघतात. दारू एकदम तुटली की फिट बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते, डिलिरियम, म्हणजे तो भ्रम आणि बडबड, दोन ते चार दिवसांनी. ग्लुकोज देण्याच्या आधी थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व. हे सगळं तुला पाठ आहे, पण ते आजाराच्या शेवटच्या टोकाचं ज्ञान आहे. डोळे पिवळे, पोट फुगलेलं दिसलं की तुम्ही सगळे हुशार. त्याच्या कितीतरी वर्षं आधी हाच माणूस इस्त्रीच्या शर्टात बीपी दाखवायला येऊन गेलेला असतो. तेव्हा त्याला कोणी काय विचारलं?

विचारतात ते असं: ‘दारूबिरू घेत नाही ना?’ अशा प्रश्नाला दुसरं काय उत्तर येणार! आणि जो डॉक्टर स्वतः रोज दोन घेतो, त्याला रोज दोन घेणाऱ्या पेशंटमध्ये वावगं काही दिसतच नाही. केस पेपरवर ‘ऑकेजनल’ लिहून तो मोकळा होतो. मला तुझ्या यकृताइतकीच याचीही काळजी वाटते. तुझ्या पेल्याच्या मापानं तू पेशंट मोजायला लागशील.

आता तुझे दोन पेग. साठ मिलिलिटरचा एक मोठा पेग म्हणजे जवळजवळ वीस ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे दहा ग्रॅमची दोन मापं. आठ टक्क्यांच्या बिअरचा अर्ध्या लिटरचा कॅन तीन मापांचा. यकृत तासाला साधारण सात-आठ ग्रॅम निपटतं. रात्री दहा ते बारा असे चार मोठे पेग झाले, तर सकाळी आठला राउंडवर उभ्या असलेल्या माणसाच्या रक्तात ती अजून असू शकते. कॉफीनं आणि गार पाण्याच्या अंघोळीनं डोळे उघडतात, अल्कोहोल लवकर उतरत नाही. आणि झोप म्हणशील तर पहिले काही तास गुंगी, नंतर सारखी जाग. मग दुसऱ्या दिवशी जास्त थकवा, आणि त्यावर पुन्हा पेग. नाइट ड्यूटीवाल्यांची गाडी इथेच घसरते.

‘थोडी हृदयाला चांगली’ हे तर मला सांगूच नकोस. त्या जुन्या अभ्यासांपैकी बऱ्याच ठिकाणी न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेली माणसंही धरली होती. त्यांच्या शेजारी थोडी पिणारे ठणठणीत दिसणारच! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1988 मध्येच मद्याला माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या गोष्टींत घातलं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, बायकांचं स्तन. स्तनाचा धोका तर अगदी थोड्या पिण्यापासूनच वाढायला लागतो. जानेवारी 2023 मध्ये त्याच संघटनेनं स्पष्ट सांगितलं की आरोग्याला सुरक्षित असं प्रमाणच नाही. तंबाखू सोडा म्हणून पेशंटला बजावणारे किती जण दारूबद्दल हे सांगतात?

पिणं किती धोक्याचं आहे ते तपासणारी ‘ऑडिट’ची प्रश्नावली तुमच्याकडे असेलच. दहा प्रश्न, चाळीस गुण. आठ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याचं झालंय असं धरतात. ती आधी स्वतः भर. गुण मला सांगू नकोस, पण खोटं लिहू नकोस. जास्त आले तर मानसोपचार विभागात जा, आपल्या युनिटबाहेरच्या कोणाकडे. आणि स्वतःच स्वतःला गोळ्या लिहून देऊ नकोस, झोपेच्या तर नाहीच. त्या दारूवर पडल्या की श्वास मंदावतो.

लाज वाटली तर एवढं आठव: अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना, 1935 मध्ये सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक, डॉ. बॉब स्मिथ, सर्जन होते. त्यांनी स्वतः सोडली, मग उरलेलं आयुष्य इतरांना सोडवण्यात घातलं. डॉक्टरकीनं त्यांना व्यसनापासून वाचवलं नव्हतं.

आणखी एक. ड्यूटीवर एखाद्या सहकाऱ्याच्या तोंडाला वास आला, तर ‘जा, झोप, मी सांभाळतो’ असं म्हणून त्याला पाठीशी घालू नकोस. पेशंटपासून बाजूला घे, सीनियरला तेव्हाच सांग, गाडी चालवू देऊ नकोस, आणि खोलीवर एकटा सोडू नकोस. असा उघडा पडलेला माणूस त्या रात्री स्वतःचं काही बरंवाईट करून घेऊ शकतो. तो चार दिवस तुझ्याशी बोलणार नाही, न बोलो.

रविवारी फोन कर. बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही.

तुझी,
आई