मावशींची सही झाली, प्रशिक्षण झालं का?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सरकारी रुग्णालयात सिस्टर म्हणून नोकरी झाली, आता निवृत्त आहे. नोकरीत असताना असं पत्र ‘योग्य मार्गाने’ पाठवावं लागतं आणि तो मार्ग फार लांबचा असतो, म्हणून आता लिहिते.

विषय वॉर्डातल्या मावशी-मामांचा. कागदावर ते कक्षसेवक, आया, सफाई कामगार. पेशंटची कूस बदलणं, बेडपॅन देणं, युरोबॅग म्हणजे लघवीची पिशवी रिकामी करणं, ट्रॉली ढकलणं ही त्यांची कामं. डॉक्टर राउंडपुरते येतात, आम्ही इंजेक्शनापुरत्या. एरवी पेशंटच्या अंगाला हात लागतो तो मावशींचाच.

एका सकाळी ऑपरेशनच्या पेशंटच्या कॉटला ‘एनबीएम’ अशी पाटी होती, इंग्रजी अक्षरांत. म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही. नव्या मावशींनी त्याला मायेने चहा-बिस्किट दिलं. भुलीच्या डॉक्टरांनी केस पुढे ढकलली, मावशींना सगळ्या वॉर्डासमोर बोलणी बसली. त्या चौथी शिकलेल्या, मराठी अक्षर लावून वाचायच्या. ‘उपाशी’ लिहिलं असतं तर वाचलं असतं. पाटी मी लिहिली होती. मला कोणी काही बोललं नाही.

त्यानंतर दुपारच्या पाळीला वॉर्ड सोपवण्याआधी वीस मिनिटं आम्ही कपड्यांच्या खोलीत बसू लागलो. अ-आ-इ पासून नाही, युरोबॅगवरच्या आकड्यांपासून. तोवर लघवीचा हिशेब “अर्ध्याला थोडी कमी” असा यायचा आणि मी अंदाजाने चार्टवर आकडा टाकायची. किडनीच्या पेशंटला हा अंदाज महागात पडतो. (एका मामांना आकडे पहिल्या दिवसापासून फाडफाड यायचे. कुठे शिकलात, हे मी विचारलं नाही.) ठेकेदाराच्या मुकादमाला हा वर्ग कळला तेव्हा त्याने बसलेल्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली. वर्ग संपला.

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आपल्याला ठाऊक आहेतच. हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर घेताना आणि नंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण द्यायचं, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, असं त्यात लिहिलं आहे. आमच्याकडे प्रशिक्षण व्हायचं. हॉलमध्ये इंग्रजी स्लाइड, मागे पोहे, शेवटी हजेरीपटावर सही, काहींचा अंगठा. पिवळ्या पिशवीत काय, लाल पिशवीत काय, सुया पांढऱ्या डब्यात का, हे पडद्यावर येऊन जायचं.

असंच एकदा लाल पिशवीत कोणीतरी सुई टाकली आणि ती एका मामांच्या बोटात घुसली. त्यांनी चिंधी बांधली, काम चालू ठेवलं आणि चौथ्या दिवशी सहज बोलता बोलता मला सांगितलं. एचआयव्ही टाळण्याची औषधं जितक्या लवकर तितकी बरी, आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. तसं पोस्टर त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीला होतं. इंग्रजीत. पुढे त्यांच्या तपासण्या नॉर्मल आल्या, पण तोपर्यंतचे महिने त्यांच्या घरात कसे गेले, ते मी पाहिलंय.

कमी शिकलेल्यांना हे जमणार नाही, असं कोणी आपल्याला सांगेल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी बाळाचे श्वास मोजायला सुईणींच्या हाती वाळूचं घड्याळ आणि मणी दिले. बारापुढे मोजता न येणाऱ्या बाईलाही त्यावरून न्यूमोनिया ओळखता यावा, अशी त्याची रचना. आधी साठपर्यंत आकडे पाठ कर मग बघू, असं तिला कोणी म्हटलं नाही. आमच्या वॉर्डात मात्र सगळं उलटं. पाटी जशीच्या तशी राहते, बोलणी मावशी खातात.

घरी जाऊन शिका म्हणणं सोपं आहे. मावशी पहाटेच्या लोकलने येतात, घरी पोचल्यावर चूल त्यांचीच. शिकायचं तर ड्यूटीतच, पगारी वेळेत. ते ठेक्याच्या करारातच लिहून घ्या, नाहीतर मुकादम कापणारच. ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमाचे वर्ग गावोगाव भरवता, एखादा रुग्णालयाच्या आवारात भरू द्या. आणि प्रशिक्षण झालं की नाही ते सहीवरून ठरवू नका. हातात सिरिंज द्या आणि ती कुठल्या डब्यात जाते ते बघा.

पुढच्या पाहणीला याल तेव्हा हजेरीपट मागू नका. मावशींना पोस्टर वाचायला लावून लाजवूही नका. ते ज्याने लावलं त्याला बोलवा आणि विचारा, हे कोणी वाचावं म्हणून लावलंय?

आपली,
एक निवृत्त परिचारिका