बाबा, ‘सेव्ह’ दाबल्याशिवाय उठू नका

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

कुरिअर मिळालं असेलच. खोक्यात आपला तोच जुना दहा इंची लॅपटॉप आहे. त्याच्या कडेला इवलासा पेनड्राइव्ह खोचलाय, तो काढू नका. सगळी गंमत त्यातच आहे. फोनवर सांगायला गेलो की आई मध्येच जेवलास का विचारते आणि मुद्दा राहतो, म्हणून कागदावर लिहितोय.

बाबा, तुम्ही म्हणालात, भंगारात दे आणि नवा घे. पण दहिवडीत बसून बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी लिहायला चाळीस हजार कशाला घालायचे? मशीन धडधाकट आहे, दमलं होतं ते विंडोज सात. त्याची देखभाल जानेवारी 2020 मध्येच थांबली. विंडोज अकराला किमान 4 जीबी रॅम (चालू कामापुरती मेमरी) हवी, आपल्याकडे आहे 1 जीबी. म्हणून विंडोजच्या जागी चालणारी पपी लिनक्स नावाची हलकी यंत्रणा टाकली. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी 2003 मध्ये ती सुरू केली. फुकट आहे, चोरीचं नाही (तुम्ही विचारणारच). मी टाकलेली आवृत्ती 2019 ची, बायोनिकपप. त्याहून नवी लावून पाहिली, पण ती या मशीनवर धापा टाकते.

चालू केलं की पपी पेनड्राइव्हवरून उठून अख्खं रॅममध्ये जाऊन बसतं आणि तिथूनच काम करतं. हार्डडिस्कची ती घरघर त्यामुळे बंद झाली. पण लाईट गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं. बॅटरी तर केव्हाच मेलीय, आणि तिकडच्या लाईटचं मी तुम्हाला काय सांगू!

तेव्हा ॲबीवर्डमध्ये (लिहायचा प्रोग्राम) सेव्ह केलं म्हणजे झालं, असं समजू नका. ते रॅममध्येच राहतं. नंतर डेस्कटॉपवरचं ‘सेव्ह’ लिहिलेलं चित्र दाबायचं, तेव्हा मजकूर पेनड्राइव्हवर उतरतो. अधूनमधून ते आपोआप होतं, पण त्या भरवशावर राहू नका. पान संपलं की दोन्ही सेव्ह. आणि क्लिक एकदाच करायचं. पंचायत समितीतल्या सवयीने दोनदा केलंत तर एकाच्या दोन खिडक्या उघडतील.

मराठी कीबोर्ड इनस्क्रिप्ट आहे, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं. टाइपरायटरवर तुम्ही पहिली वेलांटी आधी मारायचात. इथे ‘क’ आधी, वेलांटी नंतर. पहिले काही दिवस चिडचिड होईल. होऊ द्या, तुमची बोटं शिकतील.

स्क्रीनवर मागे विठोबाचा फोटो लावलाय. विंडोजच्या त्या स्टार्टर आवृत्तीत मागचं चित्रसुद्धा बदलता येत नव्हतं, आठवतं ना किती वैतागला होतात?

आता महत्त्वाचं. यावर बँक नाही, पेन्शनची कामं नाहीत, कुठलाही पासवर्ड नाही. ही आवृत्ती ज्या उबुंटू 18.04 या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे, तिचे मोफत अपडेट 2023 मध्ये संपले. नव्याने सापडलेल्या फटी आता कोणी बुजवत नाही. शिवाय पपीत सगळं काम मालकाच्या हक्कानेच चालतं, त्यामुळे चोर शिरला तर त्याला अडवणारं कोणी नाही. पैशाचं काम फोनवरच करा. पेपर वाचायला नेट लावलंत तर चालेल, पण काही साइट जुन्या ब्राउझरला दारातूनच परत पाठवतील. सगळ्याच साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणू लागल्या तर आधी कोपऱ्यातली तारीख बघा. आतला नाण्याएवढा सेल उतरला की घड्याळ मागे जातं. तारीख नीट करून घ्या, की पुन्हा चालतील.

आई, तुझ्या मंडळाचे अभंग वेगळ्या फोल्डरमध्ये टाकलेत, त्यांना नेट लागत नाही. आतला स्पीकर चिरका आहे, कपाटातला जुना जोडून घे. यूट्यूब मात्र फोनवरच बघ, इथे ते अडखळतं.

पिशवीच्या आतल्या कप्प्यात दुसरा पेनड्राइव्ह आहे. बाबा, दर रविवारी लिहिलेल्या फाइली त्यावरही कॉपी करा.

आणि सुरुवात मिलोच्या, म्हणजे दुष्काळातल्या त्या परदेशी लाल ज्वारीच्या भाकरीपासून करा. तुम्ही म्हणता ती गोड लागायची, आई म्हणते घशाखाली उतरायची नाही. दोघांचंही लिहा.

तुमचा,
बाळू