पफ, पाम तेल आणि तुझा सकाळचा नाष्टा

बाळा,

परवा फोनवर म्हणालास की मेसचा नाष्टा नको वाटतो, कोपऱ्यावरच्या बेकरीतनं पफ नाहीतर खारा बन घेतो आणि तसाच पळतो ऑफिसला, तेव्हापासनं डोक्यात तेच चाललंय म्हणून सविस्तर लिहायलेय.

तेल तूप सोड असं मी म्हणणार नाही, अंगाला फॅट लागतंच, आणि भाकरी, शेंगाचटणी, वर चमचाभर तूप हे खाऊनच तू मोठा झालायस. मला भीती आहे ती ट्रान्स फॅटची. पातळ तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते घट्ट करतात, त्याचंच वनस्पती तूप होतं, आणि हे काम अर्धवट झालं की त्यात ट्रान्स फॅट तयार होतं. पफ हातात धरला की वरचा पापुद्रा भुगा होऊन शर्टावर पडतो आणि खालचा कागद तेलानं आरपार दिसायला लागतो ना, ते पापुद्रे सुटतात ते थराथरात लावलेल्या असल्या घट्ट फॅटमुळं. ट्रान्स फॅटनं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं कमी होतं, दोन्हीकडनं नुकसान. आज्जांच्या हृदयात दोन स्टेंट आहेत, आपल्या घरात हा त्रास आहे हे विसरू नको.

२०२२ पासनं तेलातल्या आणि तेल घालून केलेल्या पदार्थातल्या एकूण फॅटमध्ये ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर नको असा नियम आहे, लई चांगलं झालं, पण सुट्या पफवर लेबल कुठं असतंय? आणि ट्रान्स फॅट नसलं म्हणजे झालं असंही नाही, बिस्किट, टोस्ट, खारी यात पाम तेल असतं आणि त्यातलं जवळजवळ निम्मं सॅच्युरेटेड असतं, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारं दुसरं फॅट, आपल्या शेंगा तेलात ते पाचव्या हिश्श्याहून कमी. दिवसाला २,००० कॅलरी खाणाऱ्यानं सॅच्युरेटेड २२ ग्रॅमच्या आत आणि ट्रान्स २ ग्रॅमच्या आत ठेवायचं. लेबलवरचे आकडे बहुतेक १०० ग्रॅमचे असतात, तू पुडा केवढ्याचा संपवलास ते बघून हिशोब कर. कुंद्याची मिठाई पण खव्याचीच, त्यातही सॅच्युरेटेड असतंच, म्हणून सणाला वाटीभर खा, रोज नको.

संध्याकाळी मिरची भजी खावीशी वाटली तर आधी कढईत बघ. तेल काळपट चिकट झालंय, वर फेस येऊन बसतोय, धूर निघतोय आणि गाडीवाला त्यातच वरनं नवीन तेल ओततोय, असं दिसलं की तिथनं निघायचं, कितीही भूक असू दे. तेच तेल परत परत तापवलं की खराब होतंच, पहिल्यांदा ते कितीही चांगलं असू दे. त्यापेक्षा इडली खा, नाहीतर चिरमुऱ्यात कांदा आणि भाजलेल्या शेंगा घालून खा.

शेजारचा मुलगा शुक्रवारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं यायलाय, त्याच्याकडं जवसाची आणि कारळ्याची चटणी दिलीय, सोबत घाण्यावरचं शेंगा तेल पण आहे. रोज चपातीबरोबर जवसाची चटणी घे, त्यातलं ओमेगा-३ नावाचं फॅट चांगलं असतं. आणि मेसच्या काकांना नीट गोडीत विचार, स्वयंपाकाला कुठलं तेल वापरता आणि तळणीचं उरलेलं भाजीत घालता का म्हणून, काय सांगतात ते रविवारी फोनवर सांग.

तुझी,
आई