पवईच्या काठावरच्या ताई आणि काकांचे आभार

रविवारी सकाळी आमच्या अँगलिंग (गळाने मासे पकडण्याच्या) क्लबची मंडळी पवई तलावावर जमली होती. तलावात मगरी आहेत, त्यामुळे पाण्यात न उतरता काठावरूनच फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेलं किड्यासारखं नकली आमिष, टाकायची. अचानक वारा फिरला आणि गळ माझ्या मुलाच्या कानाच्या पाळीत रुतला. मासा सुखरूप सोडता यावा म्हणून गळाचा उलटा काटा आम्ही पक्कडीने आधीच चेपून ठेवतो. म्हणूनच फिरायला आलेल्या ताईंनी त्याला कटला माशाच्या गप्पांत गुंतवून गळ अलगद, आला त्याच वाटेने काढला. एक काका धावत जाऊन बेटाडीन, कापूस घेऊन आले. पैसे घेतलेच नाहीत. नाव न सांगताच दोघं निघून गेले.

ताई, काका, मनापासून आभार! धनुर्वाताचं इंजेक्शन दिलंय, लेक ठणठणीत आहे. रविवारी आम्ही तिथेच असतो, चहाला नक्की या.