तक्त्यात भाताचे वजन चुकीचे छापल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: मापाच्या कपांसोबतच्या तक्त्यात ‘1 कप शिजलेला भात = 240 ग्रॅम’ असे छापल्याबाबत.

महोदय,

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला टाइप 1 मधुमेह आहे. जेवणाआधीचे इन्शुलिन ताटातल्या कर्बोदकांवरून ठरते. तिच्यासाठी डॉक्टरांनी 15 ग्रॅमला 1 युनिट असे प्रमाण दिले आहे. पोळ्या मोजता येतात, भात मोजता येत नाही. म्हणून लक्ष्मी रोडवरच्या दुकानातून तुमचा कपांचा संच आणला.

गेल्या रविवारी बासमतीचा मोकळा भात केला होता. तिला एक सपाट कप भात वाढला. तुमच्या तक्त्याप्रमाणे 240 ग्रॅम, म्हणजे सुमारे 67 ग्रॅम कर्बोदके, म्हणून साडेचार युनिट दिले. दोन तासांनी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. साखर 54 वर आली होती. ग्लुकोज पाजून पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

संध्याकाळी उरलेला भात त्याच कपाने मोजून वजनकाट्यावर ठेवला. भरला 158 ग्रॅम. त्यात कर्बोदके 44 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीन युनिट पुरले असते. दीड युनिट जास्त गेले ते तुमच्या आकड्यामुळे.

240 हा आकडा आला कुठून, तेही लक्षात आले. कपात 240 मिली पाणी मावते आणि पाण्याचे वजन तेवढेच ग्रॅम भरते. भात म्हणजे पाणी नव्हे. मोकळ्या शितांमध्ये हवा असते. दुसऱ्या दिवशी इंद्रायणी शिजवला. तो आखूड आणि चिकट दाण्याचा, कपात घट्ट बसतो. तोच कप 186 ग्रॅम भरला. वरणभाताची मूद पाडतो तसा दाबून भरला तर 220च्या पुढे गेला. पाणी किती घातले, भात गरम आहे की गार, यानेही फरक पडतो. पुण्यात घरोघरी इंद्रायणी आणि आंबेमोहोर शिजतो, आणि तक्त्यात तांदळाची जात नाही, भात दाबायचा की नाही तेही नाही. तांदूळ कच्चा की शिजलेला, हा भेदसुद्धा पुढच्या ओळींत केलेला नाही. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात जवळपास 80 ग्रॅम कर्बोदके असतात, तेवढ्याच शिजलेल्या भातात 28.

फोनवर तुमच्या प्रतिनिधींनी सांगितले, “कप एकच आहे, मग वजन कसे बदलेल?” हे उत्तर मला मान्य नाही.

मला पैसे परत नकोत. दुकानांत असलेल्या संचांमधून हा तक्ता काढून घ्या. संच विकत घेतलेल्यांना चूक कळवा. नव्या तक्त्यात कच्चा आणि शिजलेला, मोकळा आणि चिकट असे वेगवेगळे आकडे द्या, आणि इन्शुलिन घेणाऱ्यांनी भात कपाने न मोजता तोलूनच घ्यावा, असे ठळक अक्षरांत छापा. आमच्या घरी आता काटा ओट्यावरच असतो, पण ज्यांच्याकडे काटा नाही ते अजून तुमच्या तक्त्यावर विसंबून आहेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवीन. तक्त्याचा आणि काट्यावरच्या तिन्ही कपांचा फोटो सोबत जोडला आहे.

आपली,
एक ग्राहक
कोथरूड, पुणे